दोन पाखी

आमच्या निफाड तालुक्यात मान वर करून बघण्यासारख्या दोनच गोष्टी आहेत: ओझरची विमानं आणि लासलगावचा भाव. ओझरला १९६४ साली मिग विमानांचा कारखाना आला, पुढे सुखोई आली. तेव्हापासून वर गडगडलं की आम्ही आधी विचारतो, ‘विमान आहे का?’ आणि नसेल तर दुसरा प्रश्न, ‘कांदा झाकलाय का?’ विमानाविषयी एवढ्या ज्ञानावर मी ५१ वर्षं सुखानं काढली. एका कांदा व्यापाऱ्याच्या खळ्यावर मी हिशेब लिहितो. लाखाचे आकडे लिहिताना माझा हात थरथरत नाही, कारण त्यातला एकही आकडा माझा नसतो.

दिवाळीला पुण्याचा भाचा आला. त्यानं घर बदललं होतं, नवं घर लहान होतं, म्हणून त्याच्या पलंगाखालचं एक खोकं माझ्या माळ्यासाठी आलं. खोक्यावर दोन पंखांच्या पिवळ्या विमानाचं चित्र होतं. टायगर मॉथ. आत सुटे भाग, मोटर, बॅटरी आणि दोन काठ्यांचा रिमोट. ‘मामा, तुम्हाला बारीक कामाची सवय आहे, तुम्हीच जोडाल,’ भाचा म्हणाला. अडगळ काढायची इतकी गोड रीत मी पहिल्यांदाच पाहिली. त्यात आणखी एक गुंता असा, की माझे सासरे येवल्याचे आणि त्यांनाही मी मामाच म्हणतो. मला मामा म्हणणारा एकीकडे, मी ज्यांना मामा म्हणतो ते दुसरीकडे, आणि या दोघांच्या मध्ये पुढचे अडीच महिने माझा कसा मामा झाला, त्याची ही हकिकत.

दुसऱ्या दिवशी खोकं खळ्यावर नेलं. हमालांच्या मुकादमानं चित्राकडे एकदाच पाहिलं आणि म्हणाला, “दोन पाखी दिसतंय.”

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगायला हवं. कांदा साठवायच्या चाळी दोन तऱ्हेच्या असतात, एक पाखी आणि दोन पाखी, म्हणजे एका ओळीची आणि दोन ओळींची. एक पाखी दक्षिणोत्तर बांधायची, दोन पाखी पूर्व-पश्चिम, म्हणजे वारा नीट खेळतो आणि कांदा सडत नाही. आमच्याकडे पोरांना बाराखडी नंतर येते, हे आधी येतं. बायप्लेनला कोशात जो काही शब्द असेल तो असो. लासलगावात त्या दिवसापासून ते ‘दोन पाखी’ झालं, आणि मला वाटतं कोशकारांनी आमच्या मुकादमाला विचारायला हरकत नव्हती.

“पण दोन कशाला? वरचे इमान तर एकाच पाखीवर जाते,” त्यानं विचारलं. प्रश्न रास्त होता. मी चार रात्री वाचून उत्तर आणलं. सुरुवातीच्या काळात इंजिनं अशक्त आणि सामान हलकं, लाकूड आणि कापड. एकच लांब पंख केला तर तो मोडायचा. मग ऑक्टाव शनूट नावाच्या अमेरिकन इंजिनिअरनं १८९६ साली एक युक्ती केली. हा गृहस्थ मूळचा रेल्वेपूल बांधणारा. त्यानं दोन पंख एकावर एक ठेवले, मध्ये उभ्या काड्या लावल्या, तिरक्या तारा ताणल्या आणि रेल्वेच्या पुलाची कैचीच हवेत पाठवली. राइट बंधूंनी तीच पद्धत उचलली. १७ डिसेंबर १९०३ ला त्यांचं पहिलं उड्डाण १२ सेकंद टिकलं आणि १२० फूट गेलं. “एकशेवीस फूट?” मुकादम म्हणाला. “ट्रॉलीवरनं गोणी सरकली तर त्याहून लांब जाती.”

मग मी आपल्या देशाचं सांगितलं. १८ फेब्रुवारी १९११ रोजी प्रयागला भरलेल्या प्रदर्शनाच्या वेळी आंरी पेके नावाच्या फ्रेंच वैमानिकानं दोन पाखी विमानातून सुमारे ६,५०० पत्रं यमुनेपलीकडे नैनीला नेली. साधारण १३ मिनिटांत. ही जगातली पहिली अधिकृत हवाई डाक. हे ऐकून मात्र सगळे गप्प झाले. शेवटी एक हमाल हळूच म्हणाला, “आणि आपलं टपाल अजून नाशिकहून तीन दिवसांनी येतं.”

जोडणीला बसलो. खरं टायगर मॉथ १९३१ साली पहिल्यांदा उडालं. त्याचे पंख जवळजवळ नऊ मीटर लांब, माझ्याचे अडीच हातांच्या आसपास, म्हणजे सुमारे एक अष्टमांश. वरचा पंख खालच्याच्या किंचित पुढे, दोन्ही थोडे मागे झुकलेले, आणि एका बाजूला कलवणारी पट्टी, जिला एलेरॉन म्हणतात, ती फक्त खालच्या पंखांना. पुस्तिकेत लिहिलं होतं, ‘सायंकाळी दोन तासांत जोडा.’ कोणत्या महिन्याच्या सायंकाळी, ते लिहिलं नव्हतं. एका पंखाचं काम हे एक काम असतं. दोन पंखांचं काम दुप्पट नसतं, ते भांडण असतं. वरचा सरळ केला की खालचा रुसतो. खालच्याची समजूत काढली की मधल्या काड्या वाकड्या. दोन जावा एका घरात आणि मी मधली काडी, असे पंधरा दिवस गेले. फेविक्विकनं माझी दोन बोटं एकमेकांना चिकटली, तेवढी जोडणी पहिल्या फटक्यात पक्की झाली.

मोटर तपासायची होती. पुस्तिकेत लाल अक्षरांत होतं, की घरात मोटर चालवताना पंखा काढून ठेवा. लाल अक्षरं मी खातेवहीत नेहमी वाचतो. इथे वाचायची राहिली. बॅटरी जोडली, काठी थोडी पुढे केली, आणि विमानानं स्वयंपाकघरातल्या ओट्यावरून धाव घेतली. वाटेत कोथिंबिरीची जुडी होती. पुढे भिंत होती म्हणून वाचलो.

सौभाग्यवतींनी भिंतीवरची, छतावरची आणि माझ्या चष्म्यावरची कोथिंबीर पाहिली. “अहो,” त्या शांतपणे म्हणाल्या, “एवढी बारीक मला पण चिरता येत नाही. उद्या कांदा पण घ्या.”

मग वजन. मी विमान भुईकाट्यावर नेलं. ज्यावर भरलेला ट्रॅक्टर चढतो, त्या काट्याच्या मधोमध विमान ठेवून मी आदबीनं बाजूला झालो. काट्यावर शून्य आलं. काटेवाला म्हणाला, “भाऊ, पावती शून्याची फाडू का?” शेवटी किराणा दुकानात साखरेच्या तराजूवर भरलं: १,१५० ग्रॅम. नियमात बसतंय का तेही पाहिलं. २०२१ च्या ड्रोन नियमांत मॉडेल विमानांना जागा आहे. वजन २५ किलोपर्यंत, शिक्षण, संशोधन किंवा करमणुकीसाठी, आणि नजरेच्या टप्प्यातच उडवायचं. २५ किलो म्हणजे अर्धी गोणी कांदा. तेवढ्यात मी निश्चिंत होतो. सरकारी नकाशावर आपल्या जागेचा रंग हिरवा आहे ना, तेही दोनदा पाहून घेतलं. सुखोईशी आपली गाठ पडू नये, ही काळजी सुखोईपेक्षा मलाच जास्त होती.

एव्हाना बातमी येवल्याला पोचली होती. सासरे विमानाला ‘इमान’ म्हणतात. ते रोज फोनवर मोठ्यांदा विचारायचे, “काय जावईबापू, इमान उडालं का?” आणि मी शेठसमोर खातेवही उघडून बसलेला असायचो. “अजून नाही मामा, पण लवकरच,” असं उत्तर दिलं, तेव्हा शेठनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी विसरणार नाही. त्या महिन्यात त्यांनी रोजमेळ स्वतः तपासला.

सासऱ्यांची ओळख करून द्यायला हवी. येवल्याला संक्रांतीचे तीन दिवस माणसं जमिनीवर राहत नाहीत, गच्चीवर राहतात. तिथे माझ्या सासऱ्यांच्या हातात मांज्याची आसारी असली की चार गल्ल्यांतले लोक आपापले पतंग उतरवून घेतात. वय ७४. गुडघे गेले, पण मनगट अजून चाळिशीतलं. संक्रांतीच्या आधीच्या रविवारी ते मुद्दाम लासलगावला आले. माझं विमान त्यांनी दोन बोटांवर तोललं, जसं पतंग घेताना तोलतात.

विमानात सगळ्यात महत्त्वाचा हा तोल. पंखाखाली ठरलेल्या जागी दोन बोटं धरली, की नाक किंचित खाली झुकायला हवं. या छंदात जगभर एक म्हण आहे: नाक जड असलेलं विमान वाईट उडतं, शेपूट जड असलेलं एकदाच उडतं. माझ्याचं शेपूट धपकन खाली गेलं. मामांनी बॅटरी बोटभर पुढे सरकवायला लावली, आणि ते चपखल झालं. मग त्यांनी ते नाकाला आणि शेपटीला धरून आडवं टांगलं. “उजवीकडनं कन्नी खातंय,” ते म्हणाले. “डावीकडं चिंधी बांधा.” चिंधीऐवजी मी डाव्या पंखाच्या टोकाला आत एक रुपयाचं नाणं चिकटवलं. अडीच महिन्यांत या विमानावर झालेला हा एकच खर्च मला हिशेबात दाखवता आला.

सगळं पाहून झाल्यावर मामांनी विमान उलटसुलट केलं, खालून पाहिलं, आणि विचारलं, “दोरा कुठाय?”

“दोरा नसतो मामा. रेडिओवर चालतं.”

“मग हाताला कळतं कसं?”

मला उत्तर सुचलं नाही. पतंग वर गेला की दोरा बोटावर बोलत असतो. वारा पडला, कोणी पेच लावला, कन्नी आली, सगळं बोटाला आधी कळतं, डोळ्यांना नंतर. रिमोटच्या काठीला मात्र काहीच कळत नाही. विमान सुखात असो की मरणाच्या दारात, काठी तेवढीच मऊ. मामा म्हणाले, “म्हणजे पाळलेल्या बैलाला कासरा नाही.” आणि त्यांनी विडा लावला.

धावपट्टीची सोय माझ्या शेतकरी मित्रानं केली. त्याचा लाल कांदा निघालेला होता. मोकळ्या वावरात त्यानं ट्रॅक्टरला फळी लावून पट्टा सपाट केला, चुन्याची रेघसुद्धा मारली. ओझरच्या लोकांनी येऊन पाहावं अशी पट्टी. फक्त तिची दिशा पूर्व-पश्चिम होती.

“वारा उत्तरेकडनं आहे,” मी म्हणालो. विमान वाऱ्यावर तोंड करूनच उचलावं लागतं.

“दोन पाखी आहे ना?” तो म्हणाला. “मग पूर्व-पश्चिमच.” शास्त्राला शास्त्रानं उत्तर देता येतं, अनुभवाला देता येत नाही. मी गप्प बसलो.

सकाळचे साडेसात. निफाडच्या गहू संशोधन केंद्रावरचा पारा हिवाळ्यात रोज पेपरात झळकतो, त्या दिवशीही तो झळकण्याच्या लायकीचा होता. थंडीत या लिथियम बॅटऱ्या आळसावतात, म्हणून मी बॅटरी स्वेटरच्या आत पोटाशी धरून आणली. प्रेक्षकांत मुकादम, चार हमाल, मित्राचं कुटुंब, थर्मास घेतलेल्या सौभाग्यवती आणि खुर्चीत मामा. पोरं बांधापलीकडे थांबतील असं ठरलं होतं, आणि नवल म्हणजे ती थांबली. मी तिथे काय चाललंय ते बघायला हवं होतं, पण माझी नजर वर होती.

तपासणी केली. काठी उजवीकडे, उजवा एलेरॉन वर. ठीक. शेपटीची पट्टी हलते. ठीक. मी तीस पावलं दूर जाऊन रेडिओ पाहिला. ठीक. पाय थरथरतात, पण त्याला पुस्तिकेत उपाय नव्हता.

काठी पुढे केली. विमान धावलं, पंख्याच्या ओढीनं डावीकडे वळू लागलं. मी उजवा सुकाणू दिला. शेपूट उचललं, चुन्याची रेघ सुटली, आणि एकदम चाकांचा आवाज थांबला.

वर होतं ते. पिवळं, दोन पाखी, सकाळच्या उन्हात तारा चमकताहेत. हमालांनी डोक्यावरचे रुमाल काढले. शेठचा फोन वाजत होता, मी घेतला नाही. हा माझ्या नोकरीतला पहिला बंडाचा प्रसंग.

विमान लांब जाईपर्यंत सोपं असतं. त्याचं उजवं ते आपलं उजवं. ते वळून आपल्याकडे यायला लागलं की खरी परीक्षा. आता त्याचं उजवं आपल्या डाव्या हाताला. मी उजवीकडे म्हणतो, ते डावीकडे जातं. मी घाबरून आणखी उजवीकडे म्हणतो, ते आणखी डावीकडे. लग्नाला सत्तावीस वर्षं झालेल्या माणसाला हे नवीन नव्हतं, पण त्या क्षणी आठवलं नाही. यावर एक तोडगा मी वाचला होता: येताना जो पंख खाली पडेल, त्याच बाजूला काठी न्यायची, पडत्या पंखाखाली टेकू लावल्यासारखी. “टेकू, टेकू!” मी स्वतःशीच ओरडलो, काठी नेली, आणि विमान सरळ झालं. चाळीला टेकू देणाऱ्या गावात हे मला आधीच कळायला हवं होतं.

दुसरी फेरी. तिसरी फेरी. आणि मग बांधापलीकडून, उन्हाच्या बाजूनं, एक लाल पतंग चढला.

नायलॉनच्या मांज्याला बंदी आहे, आणि हा दोरा साधाच होता, एवढं त्या पोराच्या बाजूनं सांगतो. विमान त्याच्यावरून गेलं. पंख्यानं दोरा गिळला, दांड्याभोवती गुंडाळला, मोटर कण्हली आणि थांबली. एक पाखी विमान अशा वेळी थोडं तरंगतं. दोन पाखीला मात्र दोन पंख, काड्या, तारा, या सगळ्यांचा हवेत इतका अडथळा होतो की मोटर थांबली की ते विचार करत बसत नाही. निर्यातबंदीची बातमी आल्यावर भाव जसा उतरतो, तसं ते उतरलं. मध्ये थांबा नाही.

बांधापलीकडे पतंग काटल्यावरची एकच आरोळी उठली: “वकाट!”

आणि पोरं धावली. मी धावलो, मुकादम धावला, पण बारा वर्षांच्या पोरासमोर ५१ वर्षांचा हिशेबनीस म्हणजे ट्रॅक्टरपुढे भुईकाटा. आम्ही पोचलो तेव्हा विमान त्याच्या काखेत होतं. एक चाक निखळलेलं, पंखा मोडलेला, बाकी शाबूत. नांगरटीच्या मऊ ढेकळांनी वाचवलं.

“दे बाळा,” मी म्हणालो.

“का?” पोरगं म्हणालं. “मी काटलंय. काटलेलं लुटणाऱ्याचं.”

“अरे, ते पतंगाला. हे विमान आहे.”

वाद वाढला. शेवटी सगळ्यांच्या माना खुर्चीकडे वळल्या. येवल्याचं मनगट तिथे बसलेलं असताना दुसरा पंच कशाला? मला वाटलं, जावई आहे, निकाल सरळ आहे. मामांनी पतंग मागवला, विमान मागवलं. दोऱ्याचा गुंता चष्मा वर करून पाहिला. पोराच्या हातातलं टोक ओढून पाहिलं. दोरा अखंड होता, पोराच्या आसारीपासून माझ्या पंख्यापर्यंत.

“ज्याचा दोरा हातात, तो जिंकला,” ते म्हणाले. “याचा दोरा याच्या हातात आहे. जावईबापू, तुमचा दोरा कुठाय?”

मी रिमोट दाखवला. त्यांनी मान हलवली. “त्याला काय धरून ओढता येतं का? इमान पोराचं.”

सौभाग्यवती हसत होत्या. माहेरचा निकाल होता, त्यांना तो मान्यच असणार.

पंचायतीचा निकाल फिरत नाही, पण लासलगावात दुसरी एक सोय आहे. इथे १९४७ पासून बाजार समिती आहे. जे भांडणानं मिटत नाही ते लिलावानं मिटतं. मुकादम ट्रॅक्टरच्या बोनेटवर चढला, विमान उचलून धरलं आणि सुरू झाला, “बोला! दोन पाखी, पिवळा माल, थोडी खाद आहे, बोला!”

मित्रानं गंमत म्हणून आवाज दिला, “दोन हजार!” पोराचा मोठा भाऊ म्हणाला, “अडीच!” हमाल म्हणाले, “तीन!” मला घाम फुटला. हे लोक पैसे देणार नव्हते, पण लिलावाची सवय रक्तात. एकदा आकडा सुरू झाला की यांना थांबवणं निसर्गालाही जमत नाही. पाच, सहा, साडेसात. शेवटी मी डोळे मिटून ओरडलो, “नऊ हजार!”

शांतता. “नऊ हजार?” मागून थर्मासचं झाकण पडल्याचा आवाज आला. “अहो!”

तेवढ्यात माझ्यातला हिशेबनीस जागा झाला. ३० वर्षं भाकरी याच्याच जिवावर खाल्ली होती. “मुकादम,” मी म्हणालो, “भाव कशाचा चाललाय?”

मुकादम बुचकळ्यात पडला. “कशाचा म्हणजे? बाजारात भाव क्विंटलचाच असतो.”

“मग झालं. क्विंटलला नऊ हजार, किलोला नव्वद. माल एक चाक आणि पंखा वजा जाता एक किलो शंभर ग्रॅम. नव्याण्णव रुपये. काटा पट्टी करा.”

बांधावर एवढा मोठा हशा उठला की माझ्या विमानाच्या उड्डाणालाही उठला नव्हता. पोरगं मात्र हसलं नाही. त्यानं बोटांवर हिशेब केला, बरोबर आहे का पाहिलं, आणि म्हणालं, “शंभर द्या. एक रुपया वाराई. आणि चाक नमुन्याचं, ते माझ्याकडे राहील.” हे पोरगं पुढे या बाजाराचं नाव काढणार. मी निमूटपणे शंभराची नोट दिली. त्यानं ती उन्हात धरून पाहिली.

चहा झाला. मी विमान पोटाशी धरून बसलो होतो. मामांनी खिशातून मांज्याचा वीतभर तुकडा काढला आणि माझ्या रिमोटच्या टोकाला घट्ट बांधला. “आता आहे दोरा,” ते म्हणाले. “पुढच्या वेळी निकाल देताना विचारात घेऊ.”

तो तुकडा वाऱ्यावर फडफडायला लागला. वारा उत्तरेकडून, आणि दोरा थेट दक्षिणेकडे बोट दाखवत होता. आता माझ्या हातालाही कळत होतं. वारा कुठून येतोय हे मोठमोठे वैमानिक अशाच फडफडत्या कापडावरून ओळखतात.

मित्र त्या दोऱ्याकडे बराच वेळ बघत उभा होता. मग आपल्या चुन्याच्या रेघेकडे. मग परत दोऱ्याकडे.

“पट्टी फिरवावी लागणार,” तो शेवटी म्हणाला. “दक्षिणोत्तर.”

“हो ना.”

“मग तू विमान बदल,” तो म्हणाला. “दक्षिणोत्तरला एक पाखी लागतं.”